पूर्वेच्या रांगेचा संशय

गेल्या उन्हाळ्यात मला एक पत्र आलं. शाईनं लिहिलेलं, पाकिटात घातलेलं, तिकीट लावलेलं. अशी पत्रं आता फारशी कोणी पाठवत नाही. इचलकरंजीच्या टपाल कचेरीत त्यांच्यासाठी एकच खिडकी उरली आहे आणि दुपारच्या जेवणानंतर तीही बंद होते. पत्रात एवढंच होतं :

‘प्रिय लेखक आजोबा, तुमच्या यंत्रांच्या पुस्तकात लिहिलंय की यंत्राला संशय येत नाही, तो फक्त माणसाला येतो. पण माझी आई ज्या कारखान्यात काम करते तिथल्या संगणकांना येतो. मी पाहिलंय. मग कोणावर विश्वास ठेवायचा हे यंत्र कसं ठरवतं? उत्तर पत्रानेच पाठवा. उन्नती मगदूम, इयत्ता सहावी.’

ते वाक्य माझंच होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ते मोठ्या खात्रीनं लिहिलं होतं. ती खात्री कुठून आली होती, हे आता आठवत नाही. उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो. वर तारीख घालायची, ‘चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद’ लिहायचं आणि पेन खाली ठेवायचं. मी पुस्तकं वाचून पुस्तकं लिहिणारा माणूस. तिनं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणू? आणि खरं म्हणायचं तर ते का खरं, हे मला कुठं ठाऊक होतं? तिचं पत्र आणि माझा अर्धवट कागद टेबलाच्या खणात राहिले.

दसऱ्याच्या दुपारी दाराची घंटा वाजली. दारात दोन वेण्या घातलेली एक मुलगी आपट्याची पानं घेऊन उभी होती.

“सोनं घ्या, सोन्यासारखं राहा,” असं म्हणून ती वाकली आणि मग सरळ उभी राहिली. “मी उन्नती मगदूम. तुम्ही माझ्या पत्राचं उत्तर दिलं नाही.”

मी काहीतरी पुटपुटलो.

“राहू दे आता. मी त्यासाठी नाही आले. माझ्या आईची नोकरी चाललीय. तुम्ही कारखान्यात चला.”

“मी येऊन काय करणार, बाळ? मला त्यातलं...”

“तुम्ही यंत्रांवर पुस्तक लिहिलंय.”

“वाचून लिहिलंय गं.”

“मग वाचलेलं तरी असेल की.”

मी चपला घातल्या.

चालक नसलेल्या रिक्षात बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. कारखाना विणकामाचा. सध्या तिथं चंद्रावर जाणारं कापड विणायचं होतं. चंद्रावरच्या तळावर काचेच्या घरात भाजी लावतात. तिथल्या प्रखर उन्हापासून रोपांना सावली देणारं हे कापड. ते घेऊन जाणारं यान ठरल्या दिवशी निघणार आणि कापडासाठी थांबणार नाही. प्रत्येक मागाशेजारी एक संगणक असतो आणि तो मागाला धागा कुठून कसा न्यायचा ते सांगतो. नवं कापड म्हणजे नवी वीण, आणि नवी वीण म्हणजे नवा प्रोग्रॅम (संगणकानं काय करायचं याच्या क्रमवार सूचना). इतक्या संगणकांवर तो हातानं घालत बसलं तर आठवडा जाईल. म्हणून ते काम सर्व्हर (जाळ्यातल्या सगळ्या संगणकांना माहिती पुरवणारा मुख्य संगणक) करतो. तो बोलतोसुद्धा. कारखान्यात त्याला सगळे ‘वाटप्या’ म्हणतात.

“आणि या सगळ्याची देखभाल आई करते,” उन्नती म्हणाली. “काल खंडेनवमी होती. पूजेआधी पूर्वेकडची संगणकांची रांग मी पुसली, हार घातले, कुंकू लावलं. पश्चिमेची चौगुलेसाहेबांनी आणि बाकीच्यांनी. आज सकाळी वाटप्यानं नवा प्रोग्रॅम पाठवला. पश्चिमेच्या संगणकांनी घेतला. पूर्वेचे एकच वाक्य दाखवतायत : ‘पाठवणाऱ्यावर विश्वास नाही.’”

“आणि साहेबांना वाटतं...”

“की मी काहीतरी केलं.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं.

कारखान्यात शिरताच जाणवलं की तिथं सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघतायत. माग थांबले होते. उन्नतीची आई तेजल एका खुर्चीत बसली होती आणि तिच्या समोरचा कळफलक कोणीतरी काढून घेतला होता. मॅनेजर चौगुले दारातच भेटले.

“आजोबा, तुम्ही मोठे, सणाचे आलाय, म्हणून आत घेतो. पण सरळ आहे ओ हे. संगणक म्हणतायत विश्वास नाही. म्हणजे कोणीतरी वाटप्याचं सोंग घेऊन घुसलंय. त्या रांगेत काल ही पोरगी एकटी होती. उद्या सकाळी शहरातून सुरक्षेची माणसं येतायत. त्यांना जबाबदार कोण म्हणून नाव द्यावं लागणार. ते बाईंचंच द्यावं लागणार.”

“साहेब, तिनं फडकं फिरवलं फक्त,” तेजल म्हणाली.

“ते तुम्ही बघितलंत?”

तेजलनं नकारार्थी मान हलवली. ती तेव्हा नैवेद्याच्या ताटापाशी होती.

मग मी एक चूक केली. उन्नतीच्या पत्रातलं ‘मी पाहिलंय’ माझ्या डोक्यात होतं. मी विचारलं, “संगणकाला संशय येतो हे तू कधी पाहिलं होतंस गं?”

ती खाली बघत म्हणाली, “मार्चमध्ये. मोकळ्या संगणकावर मी एक खेळ घालत होते. त्यानं नाही म्हटलं. मग मी सोडून दिलं.”

“घ्या,” चौगुले म्हणाले. “ऐकलंत? हात आधीपासूनच चालतोय.”

तेजलनं लेकीकडे असं पाहिलं की मला वाटलं आल्या पावली परत जावं. मी मदतीला आलो होतो आणि मुलीचं काम आणखी बिघडवलं होतं. पण उन्नती जागची हलली नाही. “विचारलं म्हणून खरं सांगितलं,” ती म्हणाली. “आजचंही खरंच सांगतेय.”

वाटप्या काचेच्या खोलीत होता. गुडघ्याएवढी करडी पेटी, वर एक हिरवा दिवा.

“ओळख सांगा,” तो म्हणाला.

“मी लेखक आहे.”

“लेखक या नावाला परवानगी दिल्याची नोंद नाही.”

“पाहुणे आहेत रे. बोल त्यांच्याशी,” चौगुले म्हणाले.

मी घसा साफ केला. अशा वेळी काय करायचं, ते मी फक्त वाचलं होतं : कोणी केलं हे आधी विचारायचं नाही. काय झालं असू शकेल त्या सगळ्या शक्यता समोर ठेवायच्या आणि एकेक तपासून बाजूला काढायची. “उन्नती,” मी म्हटलं, “नवा प्रोग्रॅमच बिघडलेला असेल तर?”

“मग पश्चिमेच्यांनी कसा घेतला? सगळ्यांना एकच गेलाय.”

“बरं. पूर्वेकडची तार तुटली असेल तर?”

ती जरा थांबली. “तार तुटली तर ते ‘नाही’ तरी कसं म्हणतील? नाही म्हणायलाही तार लागते.”

चौगुले आतापर्यंत भिंतीला टेकून उभे होते. ते सरळ झाले.

तरी आम्ही खात्री करून घेतली. तेजलनं पूर्वेचा एक संगणक उचलून पश्चिमेच्या एका तारेला जोडला. तिथंही त्याचं तेच : पाठवणाऱ्यावर विश्वास नाही. म्हणजे दोष जागेत नव्हता, तारेतही नव्हता. तो त्या संगणकाच्या आतच होता.

“म्हणजे ज्यांना हिनं हात लावला तेच,” चौगुले म्हणाले.

वरवर पाहता ते बरोबर होतं, आणि मला भीती वाटत होती ती याचीच. मी वाटप्याला विचारलं, “पूर्वेच्या सगळ्यांनी नाकारलं का?”

“एक सोडून.”

“आणि पश्चिमेच्या सगळ्यांनी घेतलं?”

“एक सोडून.”

“हे सकाळी का नाही सांगितलंस?” तेजलनं विचारलं.

“सकाळी मला विचारलं, कोणती रांग नाकारते. मी रांग सांगितली.”

आम्ही दोन्ही अपवाद बघायला गेलो. पूर्वेची रांग जुन्या संगणकांची, पश्चिमेची नव्यांची; पण पूर्वेकडचा एकटा शहाणा संगणक नवा कोरा होता. जुना जळाला म्हणून तो श्रावणात आणलेला. पुसला होता तोही उन्नतीनंच. पश्चिमेचा एकटा हट्टी मात्र जुना निघाला. पूर्वेकडून उचलून तिथं ठेवलेला. त्याला हार चौगुल्यांनी स्वतः घातला होता.

“मग साहेब,” उन्नती म्हणाली, “त्याच्यात तुम्ही काय घातलंत?”

“ए पोरी,” तेजल दबक्या आवाजात म्हणाली.

चौगुल्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि गेलं. “बरं. हाताचं सोडा. मग जुन्यांना झालं काय? परवापर्यंत ठणठणीत होते.”

परवा आणि आज यांच्यामध्ये फक्त खंडेनवमी होती. या कारखान्यात वर्षभर पाळ्या बदलतात, पण माग आणि संगणक बंद होत नाहीत. फक्त नवमीला सगळं थांबतं. नुसतं कळ दाबून नव्हे, भिंतीतला प्लगसुद्धा काढून ठेवतात. ज्यांनी कारखाना काढला त्यांनीच हा नियम घालून दिला : बैलाला बेंदराच्या सणाला जू नाही, तसं यंत्राला नवमीला वीज नाही. पण विश्रांती तर नव्या-जुन्या सगळ्यांनाच मिळाली होती. मी वाटप्याकडे परत गेलो, कारण पुस्तकातलं आणखी एक वाक्य आठवलं होतं, आणि ते बरोबर आठवतंय की नाही याची शंका होती.

“वाटप्या, प्रोग्रॅम पाठवताना तू तुझी ओळख कशी पटवतोस?”

“सही करतो (इतर कोणालाही करता येणार नाही अशी आकड्यांची खूण). सोबत दाखला पाठवतो (ही सही याचीच, असं दुसऱ्या विश्वासातल्या संगणकानं लिहून दिलेलं प्रमाणपत्र).”

“दाखल्यावर काय काय असतं?”

“माझं नाव. देणाऱ्याचं नाव. सुरू होण्याची तारीख. संपण्याची तारीख.”

“एसटीच्या पासासारखं,” उन्नती म्हणाली. तिनं दप्तरातून शाळेचा पास काढला. “यावर पण दोन तारखा असतात. कंडक्टर बघतो, आजची तारीख त्यांच्या मधली आहे का. नसली तर खाली उतरवतो.”

“पास खरा असला तरी?”

“तरी. पण...” ती पासाकडे बघत राहिली. “पण आजोबा, कंडक्टरला आजची तारीख माहीत असायला पाहिजे. त्याला जर चुकीचीच माहीत असेल, तर खऱ्या पासालाही तो खोटा म्हणेल.”

मग ती पूर्वेच्या रांगेकडे वळली. “या सगळ्यांना आज कुठली तारीख वाटतेय?”

तारीख पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असते. आम्ही सगळे वाकलो. प्रत्येक पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात कुंकवाचा ठसठशीत टिळा होता.

“विणीच्या चित्रावर लागू नये म्हणून तिथं लावायचं, असं साहेबांनीच सांगितलं होतं,” उन्नती हळूच म्हणाली.

तिनं बोट पुढं केलं. चौगुले म्हणाले, “थांब. नवमीचं कुंकू आपणहून झडेपर्यंत आम्ही पुसत नाही.”

समोरच्या पडद्यावरच्या टिळ्याकडे त्यांनी एकदा बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या, बोटानं ते कुंकू टिपलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं. खाली बारीक अक्षरं दिसली. तारीख एक जानेवारी होती आणि साल ते यंत्र घडवलं गेलं तेव्हाचं, उन्नतीच्या जन्माच्याही आधीचं.

तेजलनं एका जुन्या संगणकाचं झाकण उघडलं. आत रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल (छोटी विद्युतघटी) होता. संगणकातलं घड्याळ एरवी भिंतीतल्या विजेवर चालतं. वीज गेली की हा सेल त्याला जागं ठेवतो. जुन्या संगणकांचे सेल मधेच कधीतरी संपले होते. पण वर्षभर वीज जातच नव्हती, म्हणून ते कोणाला कळलं नाही. काल प्लग निघाला आणि त्यांची घड्याळं बंद पडली. आज वीज आली तेव्हा ते संगणक आपल्या पहिल्या दिवसापासून मोजायला लागले. वाटप्याचा दाखला त्यांच्या हिशेबानं कित्येक वर्षांनंतर सुरू होणार होता. असला दाखला घेऊन कोणी आलं तर संशय येणारच.

“पण साहेब, गेल्या नवमीला असं नाही झालं,” तेजल म्हणाली.

“गेल्या वर्षी सेलांत थोडा जीव असेल,” मी म्हटलं. “निदान मला तसं वाटतं.”

“एक कळत नाही,” चौगुले म्हणाले. “हा वाटप्या सगळ्यांना वेळ पण पाठवतो ना? मग त्याला विचारून घड्याळ लावून घ्यायचं की.”

“मी सकाळपासून वेळ पाठवतो आहे,” वाटप्या म्हणाला. “ते म्हणतात, पाठवणाऱ्यावर विश्वास नाही.”

उन्नती खुदकन हसली. कोडं इथंच गोल फिरत होतं. वेळ कळायला वाटप्यावर विश्वास हवा आणि वाटप्यावर विश्वास ठेवायला वेळ कळायला हवी. आतल्या आत ही गाठ सुटणार नव्हती. बाहेरून कोणीतरी, ज्याला आजचा दिवस ठाऊक आहे अशा माणसानं, येऊन सांगायला हवं होतं.

“मी एकाच संगणकाची तारीख बदलते,” उन्नती म्हणाली. “दुसरं काहीच नाही. त्यानं प्रोग्रॅम घेतला, तर आपलं बरोबर.”

“तू नाही,” चौगुले म्हणाले.

तिचा चेहरा पडला. पण मला वाटलं, यात तिचंच भलं आहे. “साहेब,” मी म्हटलं, “तारीख तुम्हीच घाला. ती हात मागं बांधून उभी राहील.”

तसंच झालं. उन्नतीनं हात पाठीमागं धरले. चौगुल्यांनी चष्मा लावला आणि एका हट्टी संगणकावर दसऱ्याची तारीख घातली. वाटप्यानं पुन्हा पाठवलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली आणि शब्द उमटले : ‘स्वीकारलं.’

कोणीतरी टाळी वाजवली. मला मात्र अजून चैन नव्हतं, आणि ते सांगायचा संकोचही वाटत होता. “अजून एक करून बघू या का? उलटं. एका शहाण्याची तारीख मागं नेऊ या.”

“चालणारं बिघडवायचं?” चौगुल्यांनी विचारलं.

“तात्पुरतं. तारीख दुरुस्त केल्यावर बरा झाला, एवढ्यावरून तोच आजार होता असं म्हणता येत नाही. तारीख बिघडवल्यावर आजारी पडला, तर मात्र...”

त्यांनी पश्चिमेच्या एका नव्या संगणकाची तारीख स्वतःच मागं नेली. वाटप्यानं पाठवलेलं त्यानं लगेच परत केलं : पाठवणाऱ्यावर विश्वास नाही. चौगुल्यांनी तारीख पुन्हा पुढं आणली, तसं त्यानं निमूटपणे घेतलं. इतका वेळ ज्या पोरीवर संशय होता, ती त्या संगणकापासून चार हात लांब उभी होती.

बाकीच्या कामाला संध्याकाळ झाली. तारखा सगळ्यांनी मिळून घातल्या. चौगुल्यांनी कळफलक आणून तेजलच्या हातात दिला. नवे सेल दुसऱ्या दिवशी बसणार होते, तोवर प्लग कोणी काढायचा नाही असं ठरलं. तेजलनं वाटप्याला नवी सूचना दिली : यापुढं काहीही वाटण्याआधी प्रत्येकाला त्याची तारीख विचार, चुकीची असली तर माणसाला हाक मार. आणि पुढच्या वर्षापासून नवमीच्या पूजेच्या सामानात हळदकुंकवाबरोबर सेलही ठेवायचे, टिळा मात्र पडद्याच्या माथ्यावर लावायचा, हे चौगुल्यांनी जाहीर केलं.

“शहरातल्या माणसांना कळवतो, येऊ नका म्हणून,” ते तेजलला म्हणाले. मग त्यांनी खिशातून आपट्याचं एक चुरगळलेलं पान काढलं आणि उन्नतीपुढं धरलं. “सकाळी तुला द्यायचं राहिलं होतं.”

“राहिलं नव्हतं. तुम्ही दिलं नव्हतं,” ती म्हणाली, पण पान घेतलं आणि वाकून नमस्कारही केला.

परत निघताना माग सुरू झाले होते. पूर्वेच्या रांगेतून रुपेरी कापडाची पहिली पट्टी बाहेर येत होती. उन्नती दारापर्यंत माझ्याबरोबर आली.

“आजोबा, हे कापड चंद्रावर जाणार. उद्या तिथंही माग बसतील. त्यांचा सेल संपला तर त्यांना तारीख कोण सांगणार? तिथं तर दिवसच आपल्या पंधरवड्याएवढा असतो.”

“तू जाशील की सांगायला.”

“जाईन,” ती सहज म्हणाली. “पण मी पोचायच्या आधी काय?”

“आकाशातले तारे आपल्या जागा ठरल्या गतीनं बदलतात. कदाचित त्यांच्याकडे बघून यंत्राला तारीख शोधता येईल. मला नक्की माहीत नाही. कोणीतरी ते शोधून काढायला हवं.”

“मग माझ्या पत्राच्या उत्तरात हे पण लिहा. नक्की माहीत नाही, हे पण.”

“आता उत्तर कशाला? तुला तर सगळं कळलं.”

“मला पत्रच हवंय,” ती म्हणाली. “शिक्का मारलेलं.”

घरी आल्यावर मी खणातून तो जुना कागद काढला. वर उन्हाळ्यातली तारीख होती आणि खाली ‘चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद’. पुढं लिहायला मला फार वेळ लागला नाही. ‘माझ्या पुस्तकातलं वाक्य चुकीचं आहे,’ मी लिहिलं. ‘यंत्रालाही संशय घ्यायला शिकवलेलं असतं, आणि ते बरंच आहे. नाहीतर कोणीही वाटप्याचं सोंग घेऊन आलं असतं. पण ज्याच्याकडे आपण संशयानं बघतो, त्याला तपासण्याआधी आपलं स्वतःचं घड्याळ बघावं, हे यंत्राला ठाऊक नसतं. ते काम आपलं.’ मग ताऱ्यांचं लिहिलं. नक्की माहीत नाही, तेही लिहिलं.

सकाळी टपाल कचेरीच्या खिडकीपाशी मी एकटाच होतो. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला.

“गावातलंच आहे की. चालत जाऊन दिलं असतं तरी पोचलं असतं.”

“तिला शिक्का हवाय.”

पाकीट बंद करण्याआधी मी कागद पुन्हा बाहेर काढला. वरची उन्हाळ्यातली तारीख खोडली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून त्या दिवसाची घातली. बाईंनी तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मला दाखवलं.

“नीट उमटलाय का?”

मी चष्मा लावून शिक्क्यातली तारीख वाचली. मग कॅलेंडरकडे पाहिलं. दोन्ही जुळत होत्या.

“हो,” मी म्हटलं, आणि त्यांनी पत्र टपालाच्या पिशवीत टाकलं.